व्हेअर आधी की हॅविंग आधी?

डीबीएमएसच्या व्हायवाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे आणि त्याचं एक हमखास पाठ केलेलं उत्तर आहे. प्रश्न : व्हेअर आणि हॅविंगमध्ये फरक काय? उत्तर : हॅविंग हे ग्रुप बायबरोबर वापरतात. सिनिअर्सच्या जर्नलमधून हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय. मीही तेच ठोकून दिलं. एक्स्टर्नल सरांनी मान हलवली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "बरं, मग ग्रुप बाय नसताना हॅविंग लिहिलं तर चालेल का?"

मी गप्प.

"बरं, ते राहू द्या. आधी व्हेअर चालतं की हॅविंग?"

मी म्हटलं, "सर, व्हेअर." "का?" "सर... क्वेरीत ते वर लिहितात म्हणून." सरांना हसू आलं. मार्क काय पडले ते इथे छापत नाही.

हा लेख त्या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी आहे. पण ते उत्तर मला लायब्ररीत नाही मिळालं, गावी मिळालं. आमचं गाव रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. घाटाखालचं गाव. इतिहासवाल्यांना ते इथे झालेल्या १४३७ आणि १५९० च्या लढायांमुळे माहीत असतं, बाकी कुणाला फारसं माहीत नसतं. व्हायवा आटोपून घरी गेलो तर बाबांनी जेवताना विचारलं, "तू कॉम्प्युटरचं शिकून रायला न? मंग मले सांग. आपल्या वावरात दाणा नाही झाला. त्या धामणगावकडच्याइले विमा भेटला, आपल्याले काऊन नाही?"

मागची हकिकत अशी. आमचं तीन एकराचं वावर नाल्याला लागून आहे. ऑगस्टमध्ये एका रात्री नाला फुटला आणि फुलोऱ्यातल्या सोयाबीनवरून पाणी गेलं. तेव्हा विमा एक रुपयात होता (खरीप २०२३ पासून राज्यात तशी सोय होती), आणि तो आम्ही भरला होता. वावराचं असं वैयक्तिक नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत ॲपवर किंवा फोनवर पूर्वसूचना द्यायची, मग पाहणी होते, असा नियम होता. ॲपचं काम घरात माझ्याकडे. बाबांचा फोन आला तेव्हा माझी सेशनल चालू होती. मी म्हटलं, रविवारी करतो. रविवारपर्यंत ७२ तास उलटून गेले होते.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मीच होतो. उरलेलं अर्धं मात्र हॅविंगमध्ये होतं.

आता थोडं विम्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. २०१६ च्या खरिपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरवायची मुख्य पद्धत ही एकेका वावराची नाहीच. ती एका क्षेत्राची आहे. महाराष्ट्रात हे क्षेत्र साधारणपणे महसूल मंडळ असतं. मंडळातली काही वावरं रँडम पद्धतीनं निवडतात, तिथे पीक कापणी प्रयोग करतात. सोयाबीनसाठी १० बाय ५ मीटरचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. पन्नास चौरस मीटरचं वजन गुणिले २०० म्हणजे हेक्टरी उत्पादन. अशा प्रयोगांची सरासरी काढायची. ती जर त्या मंडळाच्या उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरली, तर मंडळातल्या त्या पिकाचा विमा काढलेल्या सगळ्यांना त्याच टक्क्यानं भरपाई. नाही भरली तर कुणालाच नाही. उंबरठा उत्पादन म्हणजे मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी, गुणिले जोखीम स्तर. आपल्याकडे हा स्तर ७० टक्के असतो.

हे वाचताना तुमच्या डोक्यात काही वाजलं का? माझ्या वाजलं, पण जेवण होऊन अंगणात बाजेवर पडल्यावर. "मंडळनिहाय सरासरी काढा, आणि ज्यांची सरासरी अमुकपेक्षा कमी ती मंडळं दाखवा." ही तर क्वेरी आहे!

चला, टेबल करू. नाव कापणी. मंडळांची नावं ओळखीची घेतली आहेत, आकडे मात्र सगळे माझ्या मनचे आहेत, तेव्हा त्यावरून कुणी कृषी कार्यालयात भांडायला जाऊ नये. उत्पादन हेक्टरी किलोमध्ये.

मंडळ | पीक | उत्पादन
रोहिणखेड | सोयाबीन | १४००
रोहिणखेड | सोयाबीन | १३००
रोहिणखेड | सोयाबीन | ३००
धामणगाव बढे | सोयाबीन | ५००
धामणगाव बढे | सोयाबीन | ७००
धामणगाव बढे | सोयाबीन | ६००
मोताळा | सोयाबीन | ९००
मोताळा | सोयाबीन | ५००
मोताळा | सोयाबीन | नल

शिवाय कपाशीच्या, तुरीच्या ओळी आहेत, त्या जागेअभावी छापत नाही. शेवटच्या ओळीतल्या नलकडे नंतर येऊ. रोहिणखेडची तिसरी ओळ म्हणजे आमचं नाल्याकाठचं वावर समजा. उंबरठा सोयीसाठी सगळीकडे ८०० धरू.

क्वेरी अशी (कॉम्प्युटरवर अर्थातच इंग्रजी लिपीत टाईप करायची, पण हा मराठी विभाग आहे आणि संपादक कडक आहेत) :

सिलेक्ट मंडळ, एव्हीजी(उत्पादन)
फ्रॉम कापणी
व्हेअर पीक = 'सोयाबीन'
ग्रुप बाय मंडळ
हॅविंग एव्हीजी(उत्पादन) < ८००;

उत्तर : धामणगाव बढे ६००, मोताळा ७००. रोहिणखेडची सरासरी १००० येते, म्हणून ते यादीत नाही. चौदाशे आणि तेराशेनी आमचे तीनशे झाकून टाकले.

आता हीच अट उचलून व्हेअरमध्ये टाकू. शब्द जवळजवळ तेच, "उत्पादन ८०० पेक्षा कमी".

सिलेक्ट मंडळ, एव्हीजी(उत्पादन)
फ्रॉम कापणी
व्हेअर पीक = 'सोयाबीन' अँड उत्पादन < ८००
ग्रुप बाय मंडळ;

उत्तर : रोहिणखेड ३००, मोताळा ५००, धामणगाव बढे ६००.

बघा काय झालं. पहिल्या क्वेरीत जे मंडळ यादीतच नव्हतं ते दुसरीत सगळ्यात वाईट म्हणून वर आलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन्ही क्वेऱ्या गुणी मुलासारख्या चालल्या. व्हेअरनं आधीच चांगली वावरं बाहेर काढली, मग उरलेल्या वाईट वावरांची सरासरी काढली. ती वाईटच येणार! दुसऱ्या क्वेरीचा अर्थ आहे, "ज्या वावरांचं बुडालं, त्यांचं मंडळनिहाय सरासरी किती झालं?" पहिलीचा अर्थ, "कोणतं मंडळ एकूणात बुडालं?" प्रश्न दोन वेगळे आहेत. अट कुठे लिहिली यावरून प्रश्न बदलतो, आणि कॉम्प्युटर तुम्हाला विचारत नाही की बाबा रे, तुला नेमका कोणता विचारायचा होता.

सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपण क्वेरी सिलेक्टपासून लिहितो, पण तिचा अर्थ लावायचा क्रम वेगळा आहे : आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, मग सिलेक्ट, शेवटी ऑर्डर बाय. डेटाबेस आतून काय युक्त्या करायच्या त्या करतो, पण उत्तर या क्रमानं केल्यासारखंच यावं लागतं. मनात चित्र आणायचं असेल तर खळ्यातलं आणा. व्हेअर म्हणजे पोती भरायच्या आधी चाळणी लावणं. ग्रुप बाय म्हणजे पोती भरणं. हॅविंग म्हणजे पोतं काट्यावर ठेवून "हे घ्या, हे बाजूला" म्हणणं. एकदा पोतं शिवलं की आतला एकेक दाणा बाहेर काढता येत नाही. आणि पोतं भरायच्या आधी त्याचं वजन विचारता येत नाही.

हे शेवटचं वाक्य म्हणजे तो प्रसिद्ध एरर. व्हेअर एव्हीजी(उत्पादन) < ८०० असं लिहून बघा. ओरॅकल म्हणतो "ग्रुप फंक्शन इज नॉट अलाऊड हिअर", मायएसक्यूएल म्हणतो "इनव्हॅलिड यूज ऑफ ग्रुप फंक्शन". लॅबमध्ये हा एरर आला की आपण शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघतो. बघायची गरज नाही. व्हेअरच्या वेळी पोतीच नाहीत, तर सरासरी कशाची काढणार?

उलट बाजूनं, हॅविंग पीक = 'सोयाबीन' लिहिलं तरी अडतं, कारण मंडळाच्या पोत्यात सोयाबीन, कपाशी, तूर सगळंच असू शकतं. अख्ख्या पोत्याचं पीक कोणतं? मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या अशा काही ठिकाणी न कुरकुरता कुठल्या तरी एका ओळीचं मूल्य उचलून देत असत, विशेषतः सिलेक्टमध्ये, आणि त्यातून भयंकर चुकीचे रिपोर्ट निघत. ५.७ पासून ही ढिलाई मुळातच बंद केलेली असते. जुन्या पुस्तकातल्या क्वेऱ्या नव्या मशीनवर फसतात त्याचं एक कारण हे.

काही अटी मात्र दोन्हीकडे चालतात. ज्या कॉलमवर ग्रुप केलंय त्याची अट, म्हणजे "मोताळा सोडून बाकीची मंडळं", व्हेअरमध्ये लिहा किंवा हॅविंगमध्ये, उत्तर एकच. अशा वेळी व्हेअरमध्ये लिहावी. नको असलेलं पोतं भरून, शिवून, उचलून मग टाकण्यात काय हशील? काही डेटाबेस स्वतःच अट खाली सरकवतात, पण त्यांच्या भरवशावर कशाला राहायचं.

दोन्ही एकाच क्वेरीत हव्या असतात तेव्हा खरी मजा येते. आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. मंडळाच्या पर्जन्यमापकाची रोजची एक ओळ, असं पाऊस नावाचं टेबल आहे असं समजा. "ज्या मंडळांत तीन किंवा जास्त दिवस अतिवृष्टी झाली ती सांगा" :

सिलेक्ट मंडळ, काउंट(*)
फ्रॉम पाऊस
व्हेअर मिमी > ६५
ग्रुप बाय मंडळ
हॅविंग काउंट(*) >= ३;

६५ ची अट दिवसाची, म्हणजे ओळीची, ती व्हेअरमध्ये. तीनची अट मंडळाची, म्हणजे गटाची, ती हॅविंगमध्ये. अट बघितली की स्वतःला एवढंच विचारायचं : ही कुणाबद्दल आहे, ओळीबद्दल की गटाबद्दल? पैसेवारी गावाची असते. ५० पैशांच्या आत की वर, हे अख्ख्या गावाबद्दल ठरतं. म्हणजे हॅविंग. ७२ तासांत कळवायची ती वैयक्तिक भरपाई एकेका वावराची होती. म्हणजे व्हेअर. बाबांचं व्हेअर माझ्यामुळे हुकलं आणि हॅविंगमध्ये रोहिणखेड बसलं नाही. (पुढे २०२५ च्या खरिपासाठी राज्यानं योजनेचे नियम बदलले. एक रुपयाचा विमा गेला, ७२ तासांची ती वैयक्तिक बाजूही गेली आणि भरपाई पीक कापणीच्या सरासरीवरच ठेवली. एका घोषणेत अख्खी व्हेअर ओळ खोडली गेली म्हणा ना.)

अंगणात बाबांना एवढं सांगितलं तर ते म्हणाले, "मंग हे सरासरीचं खूळ काढलं कोणं?"

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर शोधलं. आपल्याच पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर. नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास केला तेच. १९७६ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये त्यांनी पीक विम्यावर लेख लिहिला आणि वैयक्तिक वावराऐवजी एकसारख्या क्षेत्राची सरासरी धरावी असा मुद्दा मांडला. १९८५ मध्ये देशात जी सर्वंकष पीक विमा योजना आली ती याच क्षेत्र पद्धतीवर उभी होती. युक्तिवाद खोडून काढण्यासारखा नाही. कोट्यवधी लहान लहान वावरं. प्रत्येकात जाऊन नुकसान मोजायला माणसं कुठून आणणार? आणि वावर ज्याचं त्याचं धरलं तर निंदण-खुरपण न करणाऱ्यालाही भरपाई मिळणार. सरासरी धरली की एकट्याच्या आळसानं ती हलत नाही, आणि मेहनत करणाऱ्याचं स्वतःचं जास्तीचं पीक त्याच्याकडेच राहून वर भरपाईही मिळते. आमच्या टेबलातला मोताळ्याचा ९०० वाला बघा, त्याचं वावर उंबरठ्याच्या वर आहे, तरी त्याला मिळणार.

गंमत म्हणजे आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा मांडली ती १९७४ मध्ये. कॉडच्या १९७० च्या रिलेशनल मॉडेलवर बेतलेली हीच भाषा पुढे एसक्यूएल झाली. म्हणजे कॅलिफोर्नियात ओळींच्या क्वेऱ्या आणि पुण्यात वावरांची सरासरी, दोन वर्षांच्या अंतरानं. एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला आपलं बरं वाटलं.

आता कळीचा मुद्दा, जो पुस्तकात एका ओळीत उरकतात. हॅविंगमध्ये एव्हीजीच का? मिन आणि मॅक्स टाकून बघा.

हॅविंग मिन(उत्पादन) < ८०० म्हणजे "जिथे एकाचं तरी बुडालं". उत्तर : तिन्ही मंडळं.
हॅविंग मॅक्स(उत्पादन) < ८०० म्हणजे "जिथे सगळ्यांचं बुडालं". उत्तर : फक्त धामणगाव बढे.
एव्हीजीचं उत्तर आपण पाहिलं : धामणगाव बढे आणि मोताळा.

टेबल तेच, उंबरठा तोच, तीन अक्षरांचा शब्द बदलला की पैसे मिळणारी गावं बदलली. हे ठरवणं प्रोग्रामरचं काम नव्हे. पण प्रोग्रामरला "मंडळात नुकसान असेल तर दाखवा" एवढंच तोंडी सांगितलं, तर तो यातलं एक स्वतःच्या मनानं निवडणार, आणि ते कुणाला कळणारही नाही. म्हणून रिक्वायरमेंट घेताना विचारून घ्या, एकाचं, सगळ्यांचं की सरासरी?

ग्रुप बायचा कॉलमही तितकाच महत्त्वाचा. मंडळाऐवजी गावावर ग्रुप केलं तर आमच्यासारख्या नाल्याकाठच्या वस्तीला न्याय मिळायची शक्यता वाढते, तालुक्यावर केलं तर घटते. आमच्या टेबलात तालुका एकच. सगळ्याची सरासरी काढली तर ६२०० भागिले ८, म्हणजे ७७५. उंबरठा ८०० चा, म्हणजे तालुक्यावर ग्रुप केलं असतं तर आम्हालाही मिळालं असतं! (सव्वातीन टक्केही नाही, पण मिळालं असतं. मी आत्ताच "घटते" म्हणालो आणि आमच्याच आकड्यांनी मला खोटं पाडलं. सरासरी अशी असते.) गाव धरायचं तर प्रत्येक गावात पुरेसे प्रयोग करावे लागतात, नाहीतर एका वावरावर अख्ख्या गावाचं ठरतं. ते टाळायला क्वेरीत अँड काउंट(उत्पादन) >= ३ अशी जोड देता येते, म्हणजे अपुऱ्या प्रयोगांचे गट गळतात. पण गळलेल्या गावांचं काय करायचं हे पुन्हा माणसानंच ठरवायचं.

काउंट(उत्पादन) लिहिलं, काउंट(*) नाही, याकडे लक्ष गेलं का? आता मोताळ्याच्या नलकडे येऊ. समजा प्रयोगाच्या दिवशी पाऊस लागला आणि आकडा भरायचा राहिला. काउंट(*) ओळी मोजतं, म्हणून ३. काउंट(उत्पादन) भरलेले आकडे मोजतं, म्हणून २. एव्हीजी नल सोडून देतं : १४०० भागिले २, ७००. पण कुणी "रिकामी जागा बरी दिसत नाही" म्हणून तिथे शून्य टाकलं, तर १४०० भागिले ३, म्हणजे ४६७ च्या आसपास. भरपाईचं सूत्र आहे : उंबरठा वजा प्रत्यक्ष, भागिले उंबरठा, गुणिले विमा संरक्षित रक्कम. हेक्टरी रक्कम ५०,००० धरली तर ७०० ला १२.५ टक्के, म्हणजे ६,२५० रुपये. ४६७ ला जवळजवळ ४२ टक्के, म्हणजे वीस हजारांच्या वर. एका रिकाम्या चौकटीत शून्य भरायचं की नाही, एवढाच फरक. नल म्हणजे "माहीत नाही", शून्य म्हणजे "काहीच पिकलं नाही". दोन्ही एकच समजणाऱ्यानं डेटा एंट्रीला बसू नये.

प्रत्येक मंडळाचा उंबरठा वेगळा असतो, तेव्हा ८०० च्या जागी दुसऱ्या टेबलातून तो आणायचा. मंडळावर जॉईन करा, ग्रुप बाय मंडळ, उंबरठा असं लिहा, आणि हॅविंग एव्हीजी(उत्पादन) < उंबरठा. उंबरठा ग्रुप बायमध्ये का घ्यायचा, हे पोत्याचं चित्र आठवलं की कळेल.

सरांचा पहिला प्रश्न राहिला. ग्रुप बाय नसताना हॅविंग चालतं का? चालतं. तेव्हा व्हेअरनंतर उरलेल्या सगळ्या ओळींचं मिळून एकच पोतं होतं. अट बसली तर एक ओळ येते, नाही तर काहीच नाही. रोज लागत नाही, पण व्हायवाला लागतं.

आणि हॅविंगची भीती कायमची घालवायची तर हे करून बघा :

सिलेक्ट *
फ्रॉम (सिलेक्ट मंडळ, एव्हीजी(उत्पादन) ॲज सरासरी
फ्रॉम कापणी
व्हेअर पीक = 'सोयाबीन'
ग्रुप बाय मंडळ) ॲज त
व्हेअर सरासरी < ८००;

हॅविंग कुठेच नाही आणि उत्तर तेच. आतल्या क्वेरीनं मंडळांचं एक नवं छोटं टेबल केलं, त्यात प्रत्येक मंडळाची एक ओळ, आणि त्या ओळींवर बाहेरून साधं व्हेअर लावलं. म्हणजे हॅविंग ही वेगळी जादू नाही, गट केल्यावर तयार झालेल्या टेबलावरचं ते व्हेअरच आहे. फ्रॉममध्ये अशी क्वेरी लिहायची सोय प्रमाण एसक्यूएलमध्ये १९९२ ला आली. त्याआधी हॅविंगशिवाय फारसा इलाज नव्हता.

आता पैसे वाटायचे तर मंडळांची नाही, शेतकऱ्यांची यादी लागते. तिथे हॅविंगवाली क्वेरी व्हेअर मंडळ इन (...) च्या कंसात जाते. कंसातून मंडळं येतात, बाहेर त्या मंडळांतले सगळे विमेदार. गटावर निर्णय झाला आणि ओळींवर लागू झाला. बाबांना कळत नव्हतं ते नेमकं हे होतं : निर्णय त्यांच्या ओळीवर झालाच नव्हता.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी लॅपटॉपवर हे सगळं टेबल त्यांना दाखवलं आणि शेवटची एक क्वेरी चालवली. सरासरी उंबरठ्याच्या वर आहे, पण आत कुणीतरी पार बुडालंय, अशी मंडळं :

सिलेक्ट मंडळ
फ्रॉम कापणी
व्हेअर पीक = 'सोयाबीन'
ग्रुप बाय मंडळ
हॅविंग एव्हीजी(उत्पादन) >= ८०० अँड मिन(उत्पादन) < ४००;

एक ओळ आली. रोहिणखेड.

बाबा चष्मा लावून वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "कापणीत आपलं वावर होतं काय?"

"नव्हतं. रँडम निवडतात, आपलं नव्हतं आलं."

"मंग हे तीनशे कुठून आले?"

"मी टाकले. समजावं म्हणून."

"जास्त टाकले. एकरी ऐंशी किलो निंगालं आपलं."

एकरी ऐंशी म्हणजे हेक्टरी दोनशेच्या आतबाहेर. मी ३०० च्या जागी २०० केलं आणि क्वेरी परत चालवली. सरासरी ९६७ च्या आसपास. आउटपुट तेच, एक ओळ.